न लिहिलेली आत्मकथने : शाळा आणि समाजकार्यकर्ता

दलित आत्मकथनांविषयी मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या भाषेची चर्चा झाली, त्यांतील वेदनेची आणि नकाराची चर्चा झाली, ती साहित्य आहेत की समाजशास्त्राचे दस्तऐवज, हा वादही झाला. या साऱ्या चर्चेत एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. ही बहुतेक आत्मकथने शाळेची आत्मकथने आहेत. मूल शाळेत जाते की नाही, गेले तर तेथे टिकते की नाही, यावर त्यांतील पुढचे सारे जगणे अवलंबून आहे. आणि या शाळांत एक माणूस सतत गैरहजर आहे. मूल आज का आले नाही, आले तर उपाशी का आहे, बाजूला का बसले आहे, हे विचारणे ज्याचे नेमून दिलेले काम आहे असा माणूस या शाळांत कोठेच भेटत नाही. आज ज्याला शाळेतला समाजकार्यकर्ता म्हणतात तो हा माणूस. त्याच्या गैरहजेरीचा अर्थ काय, आणि तो सरकारी शाळेत आलाच तर कोणाच्या बाजूने उभा राहील, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पुस्तकांकडे पाहू. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) आईबापावेगळे पोर बहिणीच्या आधाराने शिकते. त्या शिक्षणाची खरी कहाणी भुकेची आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे, मुक्काम हलला की शाळा मागे राहते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये (१९८७) वस्तीत आजार आला की त्याचे खापर शाळेत जाणाऱ्या पोरावर फुटते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’मध्ये (१९८४) शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव कोणते लावायचे, हाच प्रश्न आहे. त्याच पुस्तकात शाळेची सहल आहे. सवर्ण मुलांची पंगत वेगळी, महारांच्या मुलांची वेगळी, आणि वाट्याला उरलेसुरले अन्न. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने सहलीवर निबंध लिहावा अशी वर्गाची अपेक्षा आहे. भूक, स्थलांतर, जातपंचायत, कागदावरचे नाव, पंगत. यांतला एकही प्रश्न पाठ्यपुस्तकातला नाही, आणि तरीही मूल शिकेल की नाही हे यांतल्याच प्रश्नांनी ठरवले आहे.

मग ही मुले शिकली कशी? प्रत्येक पुस्तकात कोठे ना कोठे एक भला माणूस भेटतो. कोठे बहीण, कोठे वसतिगृहाचा व्यवस्थापक, कोठे एखादा शिक्षक. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) संस्कृत शिकवणारे गोखले गुरुजी आहेत. आचाराने सनातनी, पण शिकवताना त्यांनी दलित मुलीशी भेदभाव केला नाही. अशा माणसांविषयी आत्मकथनकारांनी मोठ्या कृतज्ञतेने लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु समीक्षकाने कृतज्ञतेपाशी थांबून चालणार नाही. गोखले गुरुजी त्या शाळेत नसते, किंवा असून वेगळे वागले असते, तर? तेव्हा त्या मुलीला दाद मागण्याची कोणती जागा होती? पुस्तकातले उत्तर स्पष्ट आहे : कोणतीही नव्हती. म्हणजे ज्याला आपण हक्क म्हणतो तो एका माणसाच्या चांगुलपणावर टांगलेला होता. आणि चांगुलपणावर टांगलेला हक्क हा हक्क नसतो, ते दानच असते.

येथे बाबासाहेबांनी मांडलेला एक आकडा आठवणे आवश्यक आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत बोलताना त्यांनी दाखवून दिले होते की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात. हा आकडा केवळ दलित मुलांचा नव्हता, एकूण प्राथमिक शिक्षणाचा होता. दलितांची स्थिती त्याहून वाईट होती हे वेगळे सांगावयास नको.

आता आत्मकथने या आकड्यापुढे ठेवून वाचावीत. ही सारी पुस्तके पोचलेल्यांनी लिहिली आहेत. भला माणूस ज्यांना भेटला त्यांनी ती लिहिली. ज्यांना तो भेटला नाही त्यांनी आत्मकथन लिहिले नाही, कारण लिहिण्यापूर्वीच ते शाळेबाहेर गेले होते. म्हणून दलित आत्मकथनांचा वाचक नकळत एका भ्रमात सापडतो. पुस्तकामागून पुस्तक वाचताना त्याला वाटू लागते की, कष्ट सोसले, जिद्द धरली, एखादा गुरू भेटला की मूल शिकतेच. प्रस्थापितांना तर हा भ्रम फार सोयीचा आहे. ‘बघा, शिकायचे असेल तर शिकता येते’ हे वाक्य आपल्याच पुस्तकांच्या आधाराने आपल्याच मुलांना ऐकवले जाते. न लिहिलेली आत्मकथने वाचली तरच हा भ्रम जाईल. ती कोठे वाचावयाची? शाळेच्या हजेरीपटावर, कोऱ्या राहिलेल्या घरांत.

मी हे आंबागड डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहे. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या टेकड्यांलगतचे हे गाव. इ. स. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंदच्या राजवटीत राजाखान पठाणाने येथला किल्ला बांधला आणि पुढे नागपूरच्या भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, हे गॅझेटिअर वाचणाऱ्याला ठाऊक असते. किल्ल्यात कोण कोंडले गेले हे कोणी तरी लिहून ठेवले. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावांतून किती मुले चौथीनंतर, सातवीनंतर शाळेबाहेर गेली आणि का गेली, हे कोणी लिहून ठेवले नाही. हाच तो जिल्हा की जेथून १९५४ साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि जेथे त्यांचा पराभव झाला. त्या पराभवाची चर्चा आपण अजून करतो. शाळेत रोज होणाऱ्या पराभवाची चर्चा होत नाही.

या भागातली मुले गैरहजर राहतात ती कधी? त्याचे वेळापत्रक शाळेच्या भिंतीवर नसते, शेताच्या बांधावर असते. जुलै-ऑगस्टमध्ये बांध्यांत रोवणी सुरू झाली की आई चिखलात आणि धाकटे भावंड मोठ्या मुलीच्या कडेवर. दिवाळीच्या मागेपुढे धान कापणीला येते. त्यानंतर ज्यांना जमीन नाही ती कुटुंबे वीटभट्टीवर किंवा शहरातल्या बांधकामावर जातात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला सारे घर बाहेर पडते, आणि त्यापाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीतून जे निघते त्याचा हिशेब टनाटनाने ठेवला जातो. हजेरीपटाला मात्र दोनच गोष्टी ठाऊक आहेत : हजर आणि गैरहजर. ‘का’ हा रकाना त्यात नाही. शिक्षक मनाने भला असला तर तो ‘का’ विचारतो. नसला तर महिन्याच्या अखेरीस टक्केवारी काढतो.

भाषेचेही तेच. येथले मूल घरी झाडीबोली बोलते, काही घरांत गोंडी, काही घरांत पोवारी. शाळेत पहिल्या दिवसापासून त्याला कळते की आपण बोलतो ते अशुद्ध आहे. चुकीचे बोलण्यापेक्षा गप्प बसणे त्याला सुरक्षित वाटते. या गप्प बसण्याला मग ‘मूल मंद आहे’ असे नाव मिळते. सहलीवर निबंध लिहावयास सांगणारी शाळा आणि मुलाची बोली चूक ठरवणारी शाळा यांत फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणी मुलाचे जगणे वर्गाबाहेर ठेवून त्याला आत बोलावले जाते.

तेव्हा शाळेतल्या समाजकार्यकर्त्याचे पहिले काम अगदी साधे आहे. त्याने ‘का’ हा रकाना भरावा. गैरहजर मुलाच्या घरी जावे, दिवसा नव्हे तर माणसे कामावरून परतल्यावर जावे, आणि कारण लिहून काढावे. कारण लिहिले की त्यावर उत्तर शोधता येते. कुटुंब स्थलांतर करणार असेल तर मुलासाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आपल्या राज्यात आहे. दुसऱ्या गावच्या शाळेत त्याला बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण कुटुंब गेल्यानंतर महिन्याने ही आठवण होऊन उपयोग नाही. कुटुंब जाण्यापूर्वी कोणाला तरी ठाऊक असावे लागते की ते जाणार आहे. हे ठाऊक असणे ज्याचे काम असेल असा माणूस आज शाळेत नाही.

दुसरे काम कागदाचे आहे, आणि आपल्या समाजासाठी ते भाकरीइतके महत्त्वाचे आहे. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे वैधता प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या नातवाकडे आजोबांच्या शाळेचा दाखला मागितला जातो. यापेक्षा क्रूर विनोद कोणता असेल? बौद्धांची कथा आणखी वेगळी. १९५६ मध्ये धर्मांतर झाले आणि केंद्राच्या सवलतींसाठी १९९० उजाडावे लागले. तोवर एकाच घरातल्या दोन भावांच्या दाखल्यांवर दोन वेगळ्या नोंदी झालेल्या असत. अशा वेळी कोतवाल बुकाची नक्कल कोठे मिळते, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांच्या भावाचे नाव सापडते काय, सापडले तर उतारा कसा काढावा, हे जाणणारा माणूस मुलाच्या पाठीशी असावा लागतो. बारावीनंतर प्रवेशाच्या गर्दीत धावपळ करण्याऐवजी हे काम पाचवी-सहावीतच होऊ शकते. ढिवराच्या, गोंडाच्या, बौद्धाच्या घरात हा कागद वेळेवर आला नाही म्हणून थांबलेले शिक्षण हेही एक न लिहिलेले आत्मकथन आहे.

तिसरे काम सर्वांत अवघड आहे. शाळा गावात असते आणि गाव जातीत असते. मूल शाळेत येताना गाव बरोबर घेऊन येते. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि मुलगे सुधीर व रोशन यांची गावातल्या जमावाने हत्या केली. प्रियांका बारावीत शिकत होती. शाळेत एखादा समाजकार्यकर्ता असता तर ही हत्या टळली असती, असा दावा मी करणार नाही. तो खोटा ठरेल. पण ज्या घराभोवती गावाचा फास आवळत जातो त्या घरातली मुलगी शिकायला जाते, परत येते, आणि तिच्या घराविषयी काही विचारणे हे शिक्षणव्यवस्थेत कोणाचेच कर्तव्य नसते, हे तर खरे आहे.

दुसरे उदाहरण आंबागडपासून दूरचे, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. तेथे शाळेचा संबंध अधिक थेट आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला शाळेच्या आवारातून मारत नेऊन ठार करण्यात आले. २०१७ साली साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. फितुरीचा दोष केवळ व्यक्तींच्या भित्रेपणावर टाकून आपण मोकळे होतो. परंतु ज्या गावात राहावयाचे, ज्या गावाच्या मर्जीवर नोकरीतले दिवस काढावयाचे, त्या गावाविरुद्ध साक्ष देणे कोणत्याही स्थानिक माणसाला कठीण जाते. म्हणूनच शाळेत असा एक माणूस हवा की जो गावाच्या मर्जीवर नाही आणि ज्याने घडल्या दिवशीच लेखी नोंद करणे बंधनकारक आहे. त्या दिवशी लिहिलेला कागद तीन वर्षांनी बदलत नाही.

आता काही वाचक म्हणतील की, शाळेतला समाजकार्यकर्ता ही कल्पना परदेशी आहे. ती काही अंशी परदेशीच आहे. १९०६-०७ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत घरोघर भेट देणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या. बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांची मुले शाळेत टिकावीत हा त्यांचा हेतू. आपल्या देशात समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेतून सुरू झाले. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी होते. या परंपरेने पुष्कळ चांगले काम केले. पण तिच्या विचारात एक शब्द खोलवर रुजलेला आहे, तो म्हणजे समायोजन. मूल शाळेशी जुळवून घेत नाही, म्हणून त्याला जुळवून घ्यायला मदत करावयाची. आमचा प्रश्न नेमका येथे सुरू होतो. कशाशी जुळवून घ्यावयाचे? वेगळ्या पंगतीशी? संडास झाडण्याची पाळी नेमकी आपल्याच मुलांवर येते, त्याच्याशी? जातीवरून मारलेल्या हाकेशी? मूल तेथे अस्वस्थ होत असेल तर ते मूल निरोगी आहे. आजार शाळेचा आहे. समाजकार्यकर्ता मुलावर उपचार करू लागला आणि शाळेला निर्दोष ठरवू लागला, तर तो व्यवस्थेचाच एक पगारी हस्तक होईल. असा माणूस आम्हाला नको.

दुसरीकडे आपल्या गावागावांत एक ‘समाजसेवक’ वाढीला लागला आहे. त्याची ओळख फलकावरच्या छायाचित्राने होते. जयंतीला किंवा वाढदिवसाला तो शाळेत येतो, वह्या वाटतो, मुलांना रांगेत उभे करतो आणि छायाचित्र काढून जातो. वही घेताना मुलाने मान खाली घालावी आणि देणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहावे, ही दान देण्याची जुनीच रीत आहे, फक्त साधन नवे आहे. सेवक आणि कार्यकर्ता या दोन शब्दांत फरक आहे तो येथे. सेवक मुलाला वस्तू देतो आणि त्याचे कोणीच काही विचारत नाही. कार्यकर्ता मुलाचे देणे कोणाकडे थकले आहे ते शोधतो आणि वसूल करतो.

खरे पाहता हे काम आपल्या परंपरेला अनोळखी नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा एवढेच म्हटले नाही, शिक्षक कोणत्या थरातून यावा याचाही विचार मांडला. शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळू शकेल असा शिक्षक त्यांना हवा होता. शाहू महाराजांनी १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुले एकत्र बसवली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह काढले. ८२ मुलांची गळती मांडणाऱ्या बाबासाहेबांना हे स्पष्ट दिसत होते की, वर्ग उघडून भागत नाही, वर्गापर्यंतची वाटही बांधावी लागते.

आपल्या विदर्भातले उदाहरण तर फार जवळचे आहे. जाईबाई चौधरी यांनी हमाली केली, ओझी वाहिली, मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षण घेतले आणि त्या शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी बहिष्कार घातला आणि ती नोकरी गेली. मग १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) लिहिणाऱ्या शांताबाई कांबळे १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या. ‘जिणं आमुचं’ (१९८६) लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे यांनी फलटणजवळ निंबुरे येथे आश्रमशाळा चालवली. या स्त्रियांच्या नावापुढे समाजकार्याची पदवी नव्हती. परंतु शाळा आणि वस्ती यांच्यामधले अंतर त्यांना पायाखालचे होते. शाळेतल्या समाजकार्यकर्त्याची परंपरा शोधायची तर ती हार्टफर्डइतकीच नागपूरच्या या पाठशाळेतही शोधावी लागेल. नुसती पदवी पुरेशी नाही, तशी नुसती जात सारखी असणेही पुरेसे नाही. दोन्हीकडचे शिकलेला माणूस हवा.

शासनाने काय केले? २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांशी शाळेत भेदभाव होऊ नये हे पाहण्याची जबाबदारी या कायद्याने शासनावर टाकली. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. परंतु शाळेत काय काय असले पाहिजे हे सांगणारे या कायद्याचे परिशिष्ट वाचा. त्यात शिक्षक आहेत, मुख्याध्यापक आहे, वर्गखोल्या, स्वयंपाकघर, ग्रंथालय आणि मैदान आहे. उच्च प्राथमिक वर्गांत मुलांची संख्या १०० हून अधिक असेल तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशकही आहेत. भेदभाव होत नाही हे पाहणारा माणूस मात्र त्यात नाही. भेदभावाला बंदी आहे आणि भेदभाव पाहणारे डोळे नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समाजकार्यकर्ते प्रथमच ठळकपणे आले. पण तेथे काय म्हटले आहे? प्रशिक्षित समाजकार्यकर्ते शाळांशी, शाळासंकुलांशी जोडलेले असतील, स्वयंसेवी संस्थांतून आणि शासकीय विभागांतून त्यांना जोडता येईल. ‘जोडता येईल’ या क्रियापदात पद नाही, पगार नाही आणि उत्तरदायित्वही नाही.

आपल्या राज्यात शाळाबाह्य मुलांना परत आणण्यासाठी काही वर्षांपूर्वी ‘बालरक्षक’ पुढे आले. हे बहुतेक शिक्षकच. वीटभट्टीवर, उसाच्या फडावर जाऊन त्यांनी मुले परत आणली आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण हे काम ते आपले शिकवणे सांभाळून, स्वेच्छेने करतात. २०२२ मध्ये शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचा निर्णय झाला, आणि २०२४ च्या बदलापूरच्या घटनेनंतर या समित्या कागदाबाहेर किती आहेत हा प्रश्न सर्वांपुढे आला. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी १९९२ पासून उपस्थिती भत्ता आहे. तो दिवसाला एक रुपया ठरला आणि वर्षानुवर्षे एक रुपयाच राहिला. या साऱ्या योजनांत एक सूत्र दिसते. कोणी तरी आपल्या चांगुलपणाने करावे, आणि शासनाने त्यासाठी फारसे द्यावे लागू नये. गोखले गुरुजींची आपण पुन्हा वाट पाहत आहोत. फक्त आता त्यांना शासन निर्णयाने बोलावले आहे.

दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप शिक्षकमित्रांचा आहे. शिक्षकांचीच पदे रिक्त असताना हे नवे पद कशाला? हे काम आम्ही करतोच. आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. समाजकार्यकर्ता हा शिक्षकाला पर्याय नव्हे, आणि शिक्षकाची जागा कापून त्याला आणू नये. पण ‘आम्ही करतोच’ हे पुरे नाही. जनगणना, निवडणुका, माहिती भरणे यांत शिक्षकाचा दिवस आधीच वाटला गेला आहे. आणि जेथे तक्रार वर्गातल्याच वागणुकीविषयी आहे तेथे शिक्षक हा एक पक्ष असतो. पक्षकाराने न्याय करू नये हे तत्त्व शाळेलाही लागू आहे.

दुसरा आक्षेप चळवळीतल्या साथींचा आहे. पगारी माणूस आला की लढा संपतो. शासनाचा माणूस वस्तीत शिरला की तो शासनाचे डोळे होतो. हा धोका खरा आहे. परंतु चळवळ शाळेत पोचते ती बहुधा काही घडल्यानंतर. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, आठवडा सरतो, आणि त्या मुलाला पुन्हा त्याच वर्गात एकट्याने बसावे लागते. रोजच्या अन्यायाला रोजची हजेरी लागते. ती चळवळ देऊ शकत नाही. चळवळीने करावयाचे काम दुसरे आहे : या पदावर लक्ष ठेवणे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे ठरवले आहे, वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा दिल्या आहेत. या जागा आपण किती गावांत खऱ्या अर्थाने भरल्या? समाजकार्यकर्त्याने आपली नोंदवही या समितीपुढे दर महिन्याला ठेवावी अशी अट घातली, तर तो वस्तीचे डोळे होईल, शासनाचे नव्हे.

माझी मागणी म्हणून नेमकी आहे. दहा-बारा सरकारी शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक पूर्णवेळ समाजकार्यकर्ता असावा, आणि ही तरतूद कायद्याच्या परिशिष्टात असावी, धोरणाच्या प्रस्तावनेत नव्हे. त्याची नेमणूक गावाच्या मर्जीबाहेर असावी. गैरहजेरीचे कारण, दाखल्याची स्थिती आणि भेदभावाची प्रत्येक तक्रार त्याने लेखी नोंदवावी. मुलाचे नाव बाहेर फुटू देऊ नये, पण घटना दडपूही देऊ नये. बाललैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. जातीय छळाच्या बाबतीतही तेवढीच सक्ती त्याच्यावर असावी. त्याच्या शिक्षणात फुले-आंबेडकरांचा विचार आणि दलित आत्मकथने अभ्यासाला असावीत, साहित्य म्हणून आणि पुरावा म्हणूनही. ज्याने ‘अक्करमाशी’तली सहल वाचली आहे तो शाळेच्या पोषण आहाराच्या पंगतीकडे वेगळ्या नजरेने पाहील.

हे तातडीने म्हणावे लागते, कारण शाळाच आता उठवल्या जात आहेत. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करण्याचे पाऊल उचलले गेले, २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. टेकड्यांतल्या लहान टोल्यांतल्या शाळांचाच पट कमी असतो. पट का घटला हे विचारणारा कोणी नव्हता, आणि पट घटला म्हणून शाळा बंद करा असे सांगणारे मात्र तयार आहेत. भरायचा राहिलेला ‘का’चा रकाना असा शेवटी आपल्यावरच उलटतो.

दलित साहित्याने मराठी वाचकाला १८ जणांची कहाणी सांगितली आणि त्याला हादरवले. हे कार्य मोठे होते आणि ते संपलेले नाही. परंतु त्या पुस्तकांची खरी समीक्षा शब्दांत पुरी होणार नाही. ज्या शाळेतून ती पुस्तके जन्मली ती शाळा बदलली काय, हा त्या समीक्षेचा शेवटचा प्रश्न आहे. आपल्या वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. त्यांनी आपल्या गावच्या शाळेचा हजेरीपट एकदा पाहावा, गेल्या वर्षी नाव असलेले आणि या वर्षी नसलेले एक मूल शोधावे आणि त्याचे कारण लिहून समितीपुढे ठेवावे. उरलेल्या ८२ जणांचे आत्मकथन लिहावयास तेथूनच सुरुवात करावी लागेल.